बापाच्या खांद्याचा तुकडा

माझं माहेर वैरागडाकडचं, अन् सासर हे इथीच, चामोर्शीपासून दोन कोसावर. नाव ताराबाई. जंगलाच्या कडेची मानसं आमी, धानाच्या बांध्या अन् उन्हायात तेंदूपत्ता, दुसरं काय रायते इथी. शाया मी दोन वर्ग शिकली, मंग माय म्हणे बस झालं, आता सुई धर. सुई धरली ते आजपर्यंत सुटली नाई पाहा. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपला का हात रिकामे होत, अन् रिकामा हात आमच्या मायले पाहवत नसे, ते म्हणे बसल्या बसल्या टाके घाल, काई नाई तं चिंध्या तरी निवड.

आता चिंध्या निवडाची एक रीत हाय आमची, ते तुम्हाले सांगून ठेवतो, नाई तं पुढचं काईच समजनार नाई. लोकं काय करतेत, लाल संगं लाल, हिरवं संगं हिरवं. आमी रंग पाहत नाई. आमच्या घरी मानसामानसाचं गाठोडं रायते. पोरायच्या बाबाचं येगळं, पोराचं येगळं, सासूबाईचं येगळं. ज्याचं कपडं फाटलं त्याच्या गाठोड्यात गेलं, ईतभर ईतभर कापून. अन् धडधाकट कापडाले कैची लावाची नाई, फाटलं तरच. माय म्हणे, रंगानं लावलेली गोधडी साजरी दिसते, मानसानं लावलेलीत झोप लागते. मले ते तवा काई समजलं नाई, मी आपली हो म्हणत गेली.

मंदा माझी पोरगी, अन् मंदाचे बाबा, म्हणजे माझे मालक, जंगलखात्याच्या रोपवाटिकेवर चौकीदार होते. खाकी शर्ट. काय सांगू तुम्हाले, लगनातबी खाकी, मयतीतबी खाकी. मी म्हणो, अवं एखांदा पांढरा घाला, तं म्हणत, पांढऱ्यावर माती दिसते, खाकीवर माती आपली वाटते. जवान असतानी मोहाच्या झाडावरून पडले, उजवा खांदा गेला तो गेलाच, मंग सारी जिंदगी कावड डाव्या खांद्यावर. रोपायले पानी डाव्यावर, धानाचे भारे डाव्यावर, मंदा लहान होती तं तेबी डाव्यावर. पोरगी म्हणजे त्यायचा जीव. चार वर्सं झाले त्यायले जाऊन, मंदाचं लगन पाहाले रायले नाई.

लगनात पोरीले गोधडी द्याची, घरातल्या सऱ्यायचा तुकडा त्यात पायजे, ही आमची रीत. मी बाबाचा तुकडा काढून ठेवला होता. तं गावातल्या म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, ताराबाई, गेलेल्या मानसाचं कापड नवरीच्या गोधडीत लावते काय कोनी. मी भेली. नाई लावला. मंदानं गोधडी उलटीपालटी करून पायली, अन् घडी घालून ठेऊन देल्ली. ते घडी घालनं माझ्या डोयासमोरून अजून जात नाई.

यंदा ते बायंतपनाले आली. आल्या आल्या म्हणे, माय, लेकराच्या गोधडीत बाबाचा तुकडा मधात लावशीन का? मी म्हणली लावीन, कोनी काईबी म्हणो, लावीन. शब्द देल्ला. पन माझे डोये आता गेल्यासारखेच, मोतीबिंदू हाय, या थंडीत आपरेशन कराचं म्हणते डॉक्टर. मले उजेड दिसते, मानूस हालते तं समजते, बाकी सारं धुक्यातलं. पन मी कायजी केली नाई, काऊन का गाठोड्यायले मी गाठी येगयेगळ्या मारून ठेवल्या होत्या. बाबाले दोन गाठी, पोराले एक, सासूबाईले पदराचा पीळ. हात लावला का मानूस समजे.

आता शारदाचं सांगतो. शारदा म्हणजे माझी सून, नागभीडची, वर्स झालं लगनाले. कामाची पोरगी, शिवनक्लास केलेली, एक घडी बसनार नाई. दिवाईच्या सफाईत तिनं गाठोड्यायची पेटी उघडली. उंदरायनं मुतलं होतं म्हणे, वास येऊन राह्यला होता. तिनं काय केलं, सारे गाठोडे सोडले, सारं साबनानं धुतलं, तारेवर वायू घातलं, अन् रंगारंगानं घड्या घालून पिलास्टिकच्या पन्न्यायमधी भरलं. संध्याकाई मले हात धरून नेलं अन् म्हणे, आत्याबाई, पाहा आता कसं वावरासारखं साफ झालं.

मी पन्नीत हात घातला अन् मले कोनीच सापडेना बाई. सासूबाई नाई, बाबा नाई, कोनी नाई, निरं कापड. मी जे बोलली ते बोलाले नको होतं. मी म्हणली, तू माझं सारं घर कालवून टाकलं.

दोन दिवस चूल पेटे, भाजी होये, अन् ते परसात, मी ओसरीत. मंदाले आठवा महिना सरत आला होता. खाकीची पन्नी मी मांडीवर घेऊन बसो. पोरगा आटो चालवते, त्याचाबी शर्ट खाकीच, बापलेकाचं कापड एकाच दुकानातलं, एकाच ताग्यातलं म्हना. चाळीसक तुकडे, कोनता बापाचा अन् कोनता लेकाचा? वास घेतला तं साबनाचा. मले रडू आलं, लपवनार कोनापासून, रडली.

तं शारदा जवळ येऊन बसली. म्हणे, आत्याबाई, एक बोलू काय, राग नोका मानू. त्या पेटीत साऱ्यायचे गाठोडे होते, माझं एकबी नव्हतं. मले वाटलं रंगानं लावलं तं माझंबी खपून जाईन.

खोटं नव्हतं तिचं. ते आपल्या फाटक्या साड्या भांडेवालीले देऊन गंज-पातेले घे, अन् मीबी कवा म्हणली नाई का पोरी, एक तुकडा ठेव. वर्स झालं, रोज तिच्या हातचं खाऊन राह्यलो आमी.

मंग मी तिले सांगतलं, मंदाच्या बाबाची कावड कोन्या खांद्यावर राहे ते. ते पोरगी हुशार. उठली, दारात उनात उभी राह्यली, एक एक तुकडा उन्हात धरत गेली. म्हणे, आत्याबाई, यातून ऊन दिसते. मी म्हणली आन इकडे. हात लावला तं शिवन नाई. मी म्हणली, हा पोराचा, सीटले पाठ घासून विरला, खांद्याले शिवन रायते. दुसरा, तिसरा, असं दुपार कलेपर्यंत. मंग एक तुकडा देल्ला तिनं हातात. खांद्याची शिवन होती, अन् शिवनीखाली कापड कांद्याच्या पापुद्र्यावानी. ते म्हणे, डाव्याचाच हाय, कडेले काजाची पट्टी हाय, मर्दाच्या शर्टाले ते डाव्याच अंगाले रायते. मी तो गालाले लावला. साबनाचाच वास होता, पन मानूस सापडला होता. पलंगावरून मंदा म्हणे, सापडले काय माय बाबा?

आता इतकं विरलेलं कापड मधात लावाचं कसं, पयल्याच धुन्यात जाईन. खालून आधाराले काईतरी पायजे. मी चाचपून राह्यली, तं कैचीचा आवाज आला. शारदानं आपल्या हयदीची साडी काढली होती, माहेरची, पिवयी, वर्साची नवीकोरी, अन् कापलीबी. धडधाकट कापडाले कैची लावाची नाई, ही आमची रीत, पन मी तिले आडवलं नाई. तिनं पिवया तुकडा खाली ठेवला, वरून खाकी, अन् म्हणे, सुई तुम्ही ओढा, दोरा मी ओवतो. आधाराच्या जाग्यावर टाके दाट लागतेत, त्या टाक्यायले आमाले दोन दिवस लागले.

नात झाली. आज महिना झाला तिले, हे पाहा आतमधी झोपली हाय, मी येवढी बोलून राह्यली तरी उठली नाई. त्या म्हाताऱ्या बायाबी आल्या होत्या बारशाले, गोधडीवरून हात फिरवून गेल्या. पेटीत आता परत गाठोडे बांधले, शारदा रंग-नक्षी सांगे अन् मी ओयखो, नाई ओयखले ते सारे सासूबाईच्या नावानं टाकले, त्या काई भांडाले येत नाई. अन् एक नवं गाठोडं हाय, उरलेल्या पिवया साडीचं. त्याची गाठ मी मारत होती तं शारदा म्हणे, थांबा, माझी मीच मारतो. तीन गाठी मारल्या तिनं. उद्या माझं लुगडं फाटन, मी जाईन, तवा माझं गाठोडं सोडाले घरात मानूस हाय, आता मले त्याची फिकर नाई.

मंदा म्हणते, उजेडात धरली का बाबाच्या खांद्यातून पिवयं दिसते. मले अजून दिसलं नाई. आपरेशन होऊन डोयाची पट्टी सुटन, तं डॉक्टरले सांगून ठेवलं हाय, पयले मले ते गोधडी दाखवा, मंग विचारा बोटं किती. तुमचंबी भलं होवो बाई, घरी गाठोडं नसन तं बांधा, अन् सुनेचं पयले बांधा.