बूट दाराशी

आर्डिस : अगं, फाडू नकोस, गुंडाळ! ह्याच झिरमिळ्या नाताळात लावायच्यात. नवा कागद लढाई संपेपर्यंत मिळायचा नाही. आणि तुझ्या भावाला सांग, साखर वाया गेली म्हणावं.

व्हर्ना : कुठली साखर?

आर्डिस : केकची, बये. नाच-क्लबातल्या सगळ्या मुलींनी आपापल्या घरच्या रेशनातून चमचा-चमचा आणलेली. लोइसची आजी आठवडाभर बिनसाखरेची कॉफी पितेय. आणि ज्याच्यासाठी केला, तो फौजी दारातूनच पसार.

व्हर्ना : मग कापला नाहीत?

आर्डिस : कसा कापणार? त्याचं नाव घातलंय वर. शाळेच्या स्वयंपाकघरात, कपाटात आहे. संध्याकाळी घेऊन ये त्याला. मी रागावले नाही म्हणावं. फारशी.

व्हर्ना : गेलन गेला.

आर्डिस : कुठे?

व्हर्ना : आज सकाळच्या बसनं. म्हणून तर मी सकाळी शाळेत नव्हते.

आर्डिस : गुरुवारपर्यंत रजा होती ना त्याची?

व्हर्ना : होती.

टॉलफसन बाई (आतल्या खोलीतून) : मुलींनो, टाचण्या मोजू नका, पण एकही टाकू नका!

आर्डिस : हो, बाई! ... व्हर्ना, शनिवारच्या नाचातल्या त्या एवढ्याशा गोष्टीवरून? अगं, नियम सगळ्यांना सारखा. बूट रेशनवर, तळवे झिजले तर नवे कुठून आणायचे? आणि शाळेच्या हॉलच्या ह्या लाकडी जमिनीला व्हार्निश कोण देणार? हेडमास्तरसुद्धा मोज्यांवर आले होते. त्यांच्या मोज्याला तर हिरवं ठिगळ होतं.

व्हर्ना : माहितेय.

आर्डिस : मी दाराशी उभी. नुसतं म्हटलं, "बूट काढ आणि ये." तर हा हसतो. "ह्या वेळी असू दे ना, आर्डिस," म्हणतो. का म्हणून? गणवेश घातला म्हणून?

व्हर्ना : मग तू काय म्हणालीस?

आर्डिस : तू होतीस की तिथे.

व्हर्ना : मी ग्रामोफोनपाशी होते. तू सांग.

आर्डिस : ... म्हटलं, "फौजेत भोकं पडलेले मोजे देतात वाटतं?"

व्हर्ना : हं.

आर्डिस : सगळे हसले. तोही हसला! मग पोरींनी टाळ्यांचा ताल धरला, "बूट काढ, बूट काढ." थट्टाच होती, व्हर्ना.

व्हर्ना : थट्टाच. मीसुद्धा धरला ताल. रेकॉर्डचा आवाज वाढवला वर.

आर्डिस : मग?

व्हर्ना : तू ती दोरी नीट धर. गाठ पडतेय.

आर्डिस : दोरी मरू दे. मग काय?

व्हर्ना : त्याला डाव्या पायाला बोटं नाहीत.

आर्डिस : काय?

व्हर्ना : एकही नाही. उत्तरेकडच्या त्या बेटावर बर्फाच्या चिखलात पाय गोठला. इस्पितळात कापली. बूट घातला की कळत नाही. पुढे लोकर कोंबतो. बूट काढला की मोजा असा लोंबतो, रिकाम्या पिशवीसारखा.

आर्डिस : तू मला सांगितलं का नाहीस?

व्हर्ना : शपथ घातली होती त्यानं.

आर्डिस : शपथ! मी त्या दारात त्याची चेष्टा करतेय आणि तू शपथ पाळत बसलीस?

व्हर्ना : आता मलाच फाडून खा. मला वाटलं, तू हो म्हणशील. एकदाच. त्याच्यासाठी.

आर्डिस : मी म्हणणारच होते. अजून जरा आर्जव केलं असतं तर...

व्हर्ना : आमच्या घरात आर्जव कुणाला येत नाही.

आर्डिस : पण पाय असा होता तर नाचाला आलाच कशाला?

व्हर्ना : अगं बाई. तुला खरंच कळत नाही?

आर्डिस : काय कळायचं?

व्हर्ना : आल्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात तालीम चालली होती. टेबल भिंतीला लावायचं, आई चमच्यानं ताल धरायची, नि मी म्हणजे आर्डिस. खुर्चीवर उभी राहा म्हणाला, एवढी ती उंच आहे.

आर्डिस : गाढव आहे तो.

व्हर्ना : भ्यायचा तुला. म्हणायचा, मुलगे सगळे लढाईवर, दोन वर्षं ती पुरुषाचीच पावलं टाकतेय, मला ओढत नेईल. पण जमायला लागलं होतं. बुटात.

आर्डिस : त्या रात्री कुठे होता?

व्हर्ना : धान्यकोठाराच्या मागे बसला होता. दिवे विझल्यावर मला रस्त्यात भेटला. घरी आलो तर आई जागी. "कसा झाला नाच?" म्हणते. हा म्हणाला, "झकास. शेवटच्या गाण्यापर्यंत आर्डिसबरोबर होतो."

आर्डिस : असं म्हणाला?

व्हर्ना : आई इतकी हसली, की चुलीवरचं दूध उतू गेलं. तरी ओरडली नाही. तो जखमी झाल्याची तार आल्यापासून हसलीच नव्हती ती. दुसऱ्या दिवशी शेजारणींना सांगून आली, पायानं अधू नाही माझा पोरगा, रात्रभर नाचला. मग आपलंच खोटं ऐकत ह्याला घरात बसवेना. रजा टाकून निघाला.

आर्डिस : मी त्याला पत्र लिहिते. आत्ताच.

व्हर्ना : लिही की. पण आज सहा वाजता तू आमच्याकडे जेवायला आहेस.

आर्डिस : मी?

व्हर्ना : आईनं बोलावलंय. कोंबडी कापलीय. तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय, तो कसा नाचला.

आर्डिस : मी नाही येणार.

व्हर्ना : मग ती विचारायला तुझ्या घरी येईल. चालत.

आर्डिस : मी खरं ते सांगेन. माझ्यामुळे गेला म्हणून सांगेन.

व्हर्ना : सांग. तुला हलकं वाटेल. मग तिला काय वाटेल ते मी बघते.

आर्डिस : मग खोटं बोलू? मला येत नाही खोटं बोलता. आणि तिनं विचारलं, वळताना कसा वळत होता, तर? मला काय माहीत?

टॉलफसन बाई (आतून) : झालं का गं? मी कुलूप लावणार आहे!

आर्डिस : पाच मिनिटं, बाई! ... व्हर्ना, ग्रामोफोन बंद करून ठेवलास?

व्हर्ना : अजून नाही.

आर्डिस : लाव. शनिवारचीच रेकॉर्ड. तू स्वयंपाकघरात नाचलीस ना त्याच्याबरोबर? आता तू गेलन हो.

व्हर्ना : आणि तू?

आर्डिस : मी बाईची पावलं टाकेन. शिकव मला.

व्हर्ना : थांब, बूट काढते.

आर्डिस : नको. बूट घालूनच. माझेही आण, दाराशी आहेत ते.

(रेकॉर्ड सुरू होते.)

व्हर्ना : ओढू नकोस मला.

आर्डिस : नाही ओढत.

व्हर्ना : ओढतेयस, बये. पाय मागे. हां. आता पुन्हा.

टॉलफसन बाई (आतून) : जमिनीवर बूट वाजतायत का कुणाचे? आर्डिस? तूसुद्धा?

आर्डिस : हो, बाई. आमचेच.

व्हर्ना : थांबू या?

आर्डिस : नको. तो अडखळायचा का कुठे?

व्हर्ना : डावीकडे वळताना. जरासा. मग खांदा घट्ट धरायचा.

आर्डिस : मग तसंच धर. आणि डावीकडे वळ.