शेवटचं पाणी नळाचं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्रयोगशाळेचे माननीय संचालक महोदय. व्यासपीठावर उपस्थित असलेल्या, राष्ट्रीय नॅनो मोहिमेच्या समन्वयक बाई. देशभरातल्या अकरा प्रयोगशाळांमधून वेळात वेळ काढून आलेले सहकारी. आमच्या कार्यशाळेतली, भांडारातली मंडळी. आणि पहिल्या रांगेत बसून माझ्याऐवजी घड्याळाकडे बघणाऱ्या माझ्या सौभाग्यवती. सर्वांना नमस्कार.

माझ्याआधी पाच जण बोलले. पाचही जणांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. त्या झाडाची उंची आपल्याला माहीत आहेच, तेव्हा उतरायला फार वेळ लागणार नाही.

एकतीस वर्षं नोकरी झाली. निवृत्त होताना कसं वाटतंय, असं सकाळपासून सगळे विचारताहेत. खरं सांगू का? काही वाटत नाही. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, मग गाल हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तसं गेले पाच महिने चाललं आहे. का, ते सांगतो. बाईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत.

'शाश्वत समाजासाठी नॅनोतंत्रज्ञान' ही पाटी दारावर लागली, तेव्हा आमचे शिपाई विचारायचे, "साहेब, नॅनो म्हणजे नेमकं केवढं?" मी सांगायचो, केसाच्या जाडीचे ऐंशी हजार भाग करा, त्यातला एक उचला. ते म्हणायचे, "उचलला. ठेवू कुठे?" हसण्यावारी नेलं, पण आमचं सगळं संशोधन त्याच प्रश्नापाशी अडलं होतं. गंजाचे अतिसूक्ष्म कण पाण्यातलं आर्सेनिक धरून ठेवतात. ते कण साध्या सुती कापडावर बसवायचे होते. वीज नको, प्लास्टिक नको, कापडातून पाणी गाळलं की विष मागे राहिलं. पण कण काही केल्या टिकत नव्हते. दुसऱ्या धुण्याला निघून जायचे.

सात वर्षांपूर्वी ते टिकले. आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीने टिकवले. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती दारात हजर, म्हणून सगळे तिला 'घड्याळ' म्हणायचे. तिच्या चोवीस कापडी पट्ट्यांपैकी बावीस पट्ट्या चाळीस धुण्यांनंतरही काम करत होत्या. मी ते आकडे देशभर मिरवले. मग तुम्ही अकरा जणांनी तोच प्रयोग करून पाहिला, आणि कुणाच्याच पदरी काही पडलं नाही. आमच्याकडेही पुन्हा जमेना. तिच्या स्वतःच्या हातूनही जमेना. चौकशी समिती नेमली गेली. समितीचा अध्यक्ष मी.

ती एकच वाक्य बोलत राहिली. "सर, मी जे पाहिलं तेच लिहिलं." मी तिची वही उघडून तिच्यासमोर ठेवली. पद्धत ओळीने, सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. ती तशीच्या तशी पाळली तर कण टिकत नव्हते. मग हे आकडे आले कुठून, असं मी विचारलं. तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. अहवालात मी लिहिलं, "नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत." चार शब्द. त्या चार शब्दांनी तिची पदवी गेली आणि कापडाचं काम बासनात गेलं. ज्या गावांसाठी ते चाललं होतं, तिथली माणसं तेच पाणी पीत राहिली.

आता पाच महिन्यांपूर्वीचं. काचसामान धुणाऱ्या आमच्या मावशी निवृत्त झाल्या. तेवीस वर्षांची नोकरी, पण त्यांना असं व्यासपीठ मिळालं नाही. मोरीशेजारी उभ्या उभ्या चहा झाला. मी म्हटलं, "मावशी, आता हातांना विश्रांती."

म्हणाल्या, "विश्रांती कसली साहेब, घरची भांडी कोण घासणार? पण घरी बरं. शेवटचं पाणी नळाचं दिलं तरी चालतं. इथे डिस्टिल्डशिवाय सोय नाही. ते यंत्र बिघडलं होतं तेवढे दोन महिने सोडले तर."

"कुठले दोन महिने?"

"ते नाही का, घड्याळबाईंच्या पट्ट्या चालल्या होत्या. मी तुम्हाला विचारलं होतं, काम थांबवू का? तुम्हीच म्हणालात, मावशी, नळाच्या पाण्याने विसळा, काय फरक पडतोय."

मी म्हणालो होतो. मला शब्दन् शब्द आठवला. यंत्राच्या नोंदवहीत लिहायचं राहून गेलं. आणि तिच्या वहीत 'डिस्टिल्ड पाण्याने धुतलेली पात्रं' असं वाक्य होतं, जे आपण सगळेच डोळे झाकून लिहितो. तिला पात्रं धुऊन, वाळवून हातात मिळायची. तिला कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पात्रं नळाखाली विसळली. इथल्या पाण्याला क्षार फार, वाळलं की काचेवर पांढरा थर राहतो. तो क्षार कण आणि कापड दोघांनाही धरून ठेवतो. चोवीसपैकी तेवीस पट्ट्या टिकल्या. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. वाईटही वाटलं नाही. मी हात पुसले आणि डबा खाल्ला.

संचालक महोदयांना सांगितलं. ते म्हणाले, "मोहिमेचा अंतिम अहवाल छापायला गेलाय, तुमचा समारंभ होऊन जाऊ द्या, मग बघू." मी त्यांना दोष देत नाही. ते ऐकून मला हायसं वाटलं. पाच महिन्यांत मला वाटलं ते तेवढंच, आणि त्याची मला लाज वाटते.

गेल्या रविवारी सौभाग्यवती म्हणाल्या, "बोलायचं असेल तर बोलून टाका, नाहीतर जेवायला बसा. ताट निवतंय." मी उठून फोन लावला. घड्याळ आता चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर तपासते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, मी खोटं लिहिलं नव्हतं हे मला सात वर्षं माहीत आहे. तुम्हाला आज कळलं, एवढंच."

मी म्हणालो, "आज नाही. पाच महिने झाले." पलीकडे तिने कुणालातरी चष्मा काढून बसायला सांगितलं.

मी विचारलं, "समारंभाला येशील? सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"दुकान सातला बंद होतं," ती म्हणाली. मग विचारलं, "मावशी बऱ्या आहेत ना?" मी कसा आहे हे तिने विचारलं नाही. का विचारावं?

बाई, हे पाकीट आपल्या हाती देतो. समितीचा अहवाल चुकीचा होता, हे माझ्या सहीने यात लिहिलं आहे. नवे आकडे आहेत, मावशींचा जबाब आहे. तिची पदवी तिला मिळावी. अकरा प्रयोगशाळांनी उद्यापासून पुन्हा कापड हातात घ्यावं, आणि पद्धतीची पहिली ओळ अशी लिहावी: शेवटचं पाणी नळाचं. खाली दोन नावं घालावीत, तिचं आणि मावशींचं. माझं नको.

आपण सर्वांनी एकतीस वर्षं सांभाळून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. फक्त बोलण्यातलं. बाकीचं पोटात घालणं तुमच्या हातात नाही.

जाता जाता एक विनंती. मागच्या दाराशी मावशींनी शेजारची खुर्ची पिशवी ठेवून धरली आहे. तिथे कृपया कोणी बसू नये. आत्ता कुठे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत.