तांब्याचं गॅस्केट

आमच्या ट्रॅक्टरचं हेड गॅस्केट आईनं निवडलं म्हटलं की लोक हसतात. तुम्हीही हसून घ्या.

अण्णा गेल्यापासून त्यांचा जुना ट्रॅक्टर शेडात उभाच होता. यंदा मी त्याचं इंजिन खोलायला घेतलं. बेलापूरचे युसूफ मिस्त्री दोन गॅस्केटं, म्हणजे इंजिन आणि त्याच्या हेडच्या मधे बसणारे भोकांचे पातळ पत्रे, घेऊन अंगणात आले.

"हे स्टीलचं. एकदा बसवलं की इसरून जायचं. आन हे तांब्याचं, तुमच्या वडलांच्या पसंतीचं. पन दर बारीला हेड खोललं की हे लाल तापवून पान्यात टाकायचं, तवा मऊ पडतं. लई कुटाना हाय."

मी म्हणालो, "मग स्टीलचंच बसवा."

आई दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तांब्याचं बसवा."

"अगं, दर वेळी तापवत कोण बसणार?"

"तुझे अण्णा बसायचे की. माझ्या चुलीपाशी."

मिस्त्रींनी स्टीलचं गॅस्केट गुपचूप पिशवीत टाकलं.

"एरवी त्या मानसाला दोन शब्द बोलायला सवड नसायची," आई म्हणाली. "पन तांबं लाल होईस्तवर बोलत बसायचे."

नवं गॅस्केट मऊच असतं, तापवायची काही गरज नव्हती. तरी संध्याकाळी आईनं परसातली चूल पेटवली आणि माझ्याकडं पाट सरकवला.

तांबं कधीच लाल झालं होतं. आई बोलत होती. मी चिमटा उचललाच नाही.