घागरीवरचं नाव

न्हाई पाव्हणं, आधी नाव वाचायचं. मोठ्यानं. मग मी मशीन चालू करणार. स्टेशनापल्याड दुसरे पॉलिशवाले हायेत, ते न वाचता नाव काढून देतील, जायचं तर जा — माझ्याकडं असंच हाय. बसा त्या डब्यावर. घाई कसली? साखरपुडा परवा हाय म्हणालात न्हवं. म्हंजी भांडी तुमच्या वारलेल्या पहिलीची, आन् दुसरी घरात यायच्या आधी पहिलीचं नाव जायला पायजे — कळलं, पुढं सांगू नका.

ही कळशी कुणी घासली? लोखंडी घासणीनं? तरीच. लोखंडाचे कण रुतून बसतात, ते गंजतात, आन् लोक म्हणतात स्टीलच खोटं. काथ्या घ्यावा, जरा साबण, पॉलिशची रेघ जाती तिकडंच हात न्यावा, आन् धुतल्या धुतल्या कोरडं पुसावं. वल्लं ठिवलं की डाग. आमची ललिता तसंच करायची, सात वर्सांची व्हती तवापासनं — कोण म्हंजी? लेक माझी. पाबळला दिली व्हती. बाळंतपणात गेली. तीन वर्सं झाली. जाऊ द्या, आपण घासणीचं बोलत व्हतो.

मला वाचता येत न्हाई, म्हणून तुम्हाला वाचा म्हणतो. त्याची कवा लाज वाटली न्हाई. नाव काढायला वाचायचं काय काम? नुसते ठिपके असतात — आधी पॉलिश पेपर मारायचा, मग कापडी चाक धरायचं, ठिपका गेला की झालं. शिरूरच्या भांडीवाल्याकडनं पोती यायची, कुणाची भांडी, कशाला काढतात, मी इचारत नव्हतो. तसंच एक पोतं आलं. अकरा नग. दुपारपतोर दहा काढले, मिशी दिसंल असे केले. शेवटची घागर. नाव गेलं, चाक थांबवलं, फडक्यानं पुसाय लागलो, तर अंगठा एका जागी अडला. घागरीच्या कुशीला सपाट जागा, रुपयाएवढी.

ती जागा मी केलेली. लग्नाच्या दिवशी टेम्पोतनं घागर पडली, पोचा आला, पोरगी नवरीच्या साडीत रडाय लागली. मी मांडवामागं बसून आतनं लाकडी हातोडीनं पोचा काढला. जरा सपाट राहिलं. म्हणाली, राहू द्या आबा, माझी घागर मला वळखू येईल.

वळखली की. मीच वळखली. नाव काढून झाल्यावर.

आन् घागर घेतली तवा भांडीवाल्यानं माझं बोट धरून ठिपक्यांवरनं फिरवलं व्हतं — आबा, ह्यो ल, ह्यो लि, ह्यो ता. तीन अक्षरं. तीनच. तेवढी बी मी डोक्यात ठिवली न्हाईत.

काय करणार? पोतं बांधलं, दिलं. तिकडं जावयाचं लगीन व्हतं. घागर मागितली असती तर दिली बी असती त्येनी. मागितली न्हाई. माझं तोंड उघडत न्हाई कुणाफुडं — आज कसं उघडलं कुणास ठाऊक.

बरं, वाचा आता. तांब्या हातात धरून काय बसलात? — रुपाली. बरं. फुडं बी हाय की काहीतरी, लांब दिसतंय — 'आईकडून'. आई हाय का तिची? तुमच्या इनामगावातच?

मग बाकीची ठिवा, उद्या सकाळी न्या. ह्या तांब्याला मी चाक लावत न्हाई. तिच्या आईला नेऊन द्या. दुसऱ्याच्या हाती न्हाई, तुम्ही जा.

आता त्याच्यावर पाणी कशाला पाडता? डाग पडंल. हे घ्या फडकं. कोरडं पुसा, रेघंरेघंनं.

उठा. दुकान बंद. लाईट गेली — बल्ब जळतोय, त्यो मला बी दिसतोय. जा.