गाडी गियरमध्ये कोणी ठेवली

नाव व राहण्याचा पत्ता ठाण्याच्या नोंदवहीत वेगळा लिहून दिला आहे. वय २३ वर्षे. शिक्षण विज्ञान शाखेची पदवी. धंदा नोकरी, डायलिसिस केंद्राच्या वाहन विभागात नोंदणी सहायक, सात महिन्यांपासून.

मी कोणी न बोलावता आज सकाळी ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की, दिनांक १४ रोजी आमच्या केंद्राच्या आवारात रुग्णांच्या गाडीचे चालक जखमी झाले. त्याबाबत केंद्राने आपल्याकडे एक लेखी खुलासा दिला आहे. त्यात गाडी गियरमध्ये ठेवण्याची चूक चालकाची असल्याचे म्हटले आहे. तो खुलासा माझ्या हस्ताक्षरात आहे आणि खोटा आहे. गाडी गियरमध्ये वाहनप्रमुखांनी ठेवली. ते मी पाहिले आहे. माझ्याशिवाय ते कोणी पाहिलेले नाही.

जखमी चालकांना केंद्रात सगळे मामा म्हणतात. वय ५५. ते एकोणीस वर्षे रुग्णांची ने-आण करतात. त्यांच्या गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करून देणारी मोटर, तीन महिन्यांपासून धड नव्हता. चावी फिरवली की नुसते टक् व्हायचे. मामा बॉनेट उघडून पान्याने सेल्फवर दोन ठोके मारत आणि पुन्हा चावी फिरवत. मग गाडी चालू होई. "म्हातारी झोपलीय, दार वाजवून येतो," असे ते म्हणायचे. गाडीत बसलेले रुग्ण हसायचे. मीही हसत असे.

माझे वडील मोटारींच्या विजेचे काम करतात. मी लहानपणापासून त्यांच्या दुकानात सेल्फ उघडलेले पाहिले आहेत. आत फिरणाऱ्या भागाला वीज पोचवायला कार्बनचे छोटे तुकडे स्प्रिंगने दाबून बसवलेले असतात. ते झिजून आखूड झाले की नीट टेकत नाहीत. ठोका मारला की हादऱ्याने तेवढ्यापुरते टेकतात. मी घरी विचारले तेव्हा वडील जेवता जेवता म्हणाले, "ठोकून लागतो ना? मग कार्बन गेले. उघडायचा, बदलायचे, विषय संपला. तासाभराचं काम आहे."

मी वाहनप्रमुखांना तसे तीन वेळा लेखी कळवले. तिन्ही चिठ्ठ्यांच्या नकला सोबत देत आहे. तिसऱ्या वेळी त्यांनी मला आत बोलावले. ते गाडीच्या चावीने नखातला मळ काढत होते. काढलेला मळ त्यांनी माझ्या चिठ्ठीला पुसला. म्हणाले, "मॅडम, तुमचं ते कार्बन-कार्बन पुरे झालं. गाडी चालते ना?"

मी म्हणाले, "चालते सर, पण चालू होत नाही."

"त्याला मामा आहेत की. मामांचा हात लागला तर बंद घड्याळसुद्धा पळायला लागेल. गाडी तासभर उभी केली तर पेशंट काय तुमच्या स्कूटरवरून नेऊ?"

त्यानंतर मी चौथी चिठ्ठी दिली नाही. त्याऐवजी सेल्फची निगा कशी राखावी याचा तक्ता करून वाहन विभागाच्या भिंतीवर लावला. चावी एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये, मध्ये अर्धे मिनिट जाऊ द्यावे, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी साफ करावी, आवाज बदलला तर त्याच दिवशी सेल्फ उघडावा, असे त्यात लिहिले होते. तीन रंगांचे पेन वापरले होते. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यावर वाहनप्रमुखांचा ओला टॉवेल होता.

वारंवार दाबून धरल्यामुळे दीड महिन्यापूर्वी चावीच्या खटक्यातले संपर्क जळले. चावीने सेल्फपर्यंत वीज जाणेच बंद झाले. तेव्हापासून मामा खिडकीतून हात घालून चावी नुसती चालू स्थितीत ठेवत, समोर येऊन बॉनेटमध्ये वाकत, ठोके मारत आणि मग सेल्फवरच्या दोन टोकांना स्क्रू-ड्रायव्हर टेकवून गाडी सुरू करत. अशा वेळी चालकाच्या जागेवर कोणी नसते. गाडी न्यूट्रलमध्ये नसेल तर इंजिन सुरू होताच ती समोर उभ्या माणसाच्या अंगावर येते. हे मामांना माहीत होते. हँडब्रेक ढिला असल्यामुळे ते गाडी नेहमी आवारातल्या चढावर न्यूट्रलमध्ये उभी करत आणि पुढच्या चाकांना दोन दगड लावत. रोज. मी त्यांना दगड न लावता निघून जाताना पाहिलेले नाही.

या काळात रोज सकाळी "वाहन सुस्थितीत" या रकान्यात मी सही करत होते. अशा सह्या एकेचाळीस आहेत. नोंदवही केंद्रात आहे. आपण ती आजच ताब्यात घ्यावी.

दिनांक १४ रोजी सकाळी सव्वानऊ वाजता मी माझ्या टेबलाशी होते. माझ्या खिडकीतून आवार दिसते. मामा दुसऱ्या पाळीच्या रुग्णांना आत पोचवून चहाला गेले होते. वाहनप्रमुख स्वतःची मोटार घेऊन आले. सावली फक्त रुग्णांच्या गाडीच्या जागेवर होती. त्यांनी रुग्णांच्या गाडीचे दगड पायाने बाजूला सारले, दार उघडून आत बसले आणि इंजिन बंद असतानाच गाडी उतारावरून सोडली. गाडी भांडारघराच्या भिंतीसमोर गेली तेव्हा त्यांनी ती गियरमध्ये टाकून थांबवली. गाडीला बसलेला हिसका मी पाहिला. भिंत आणि बंपर यांच्यात दोन पावलांचे अंतर राहिले. दगड त्यांनी पुन्हा लावले नाहीत. स्वतःची मोटार सावलीत उभी करून ते आत आले आणि पंखा मोठा करायला सांगितला.

गाडी हलवल्याचे ते मामांना सांगतील असे मी धरून चालले. ते त्यांचे काम आहे असे मला वाटले. मामा कुठे आहेत ते मला ठाऊक होते. उठून जायला एक मिनिट लागले असते.

दहा वाजून पाच मिनिटांनी मामा आले. पहिल्या पाळीच्या चार रुग्णांना घरी सोडायचे होते. गाडी खाली पाहून ते माझ्या खिडकीकडे वळून म्हणाले, "ही म्हातारी आपली आपण चालायला लागली की काय?" मी महिन्याचा तक्ता भरत होते. मी हसले आणि मान खाली घातली. नंतर ठोक्यांचा आवाज आला, इंजिनचा आला, आणि मामांचा आला.

मी बाहेर गेले तेव्हा मामा भिंत आणि गाडी यांच्यामध्ये होते. वाहनप्रमुखांनी दार उघडून गाडी स्वतःच्या हाताने न्यूट्रल केली. चौघांनी ती मागे ढकलली. मामांच्या उजव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले आहे. डाव्या गुडघ्याबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

मामांना घेऊन रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडायच्या आत वाहनप्रमुखांनी भिंत आणि जमीन फिनेलने धुऊन घेतली. ते स्वतः उभे राहून डाग दाखवत होते, "इथं राहिलं बघ, इथं." त्यांच्या हाताला ग्रीस लागले होते. त्यांनी टॉवेल बाजूला केला, माझा तक्ता भिंतीवरून ओढून काढला आणि त्याला हात पुसले. बोटांच्या मधले सुद्धा.

दिनांक १५ रोजी त्यांनी मला खुलासा लिहायला बसवले. मी म्हणाले, "सर, गाडी तुम्ही खाली आणली होती." ते म्हणाले, "तू पाहिलंस? मग तू त्याला सांगितलं का नाहीस? आणि सुस्थितीतच्या सह्या कोणाच्या आहेत?" नंतर मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, मामांची दोन-चार वर्षं राहिली आहेत. तुझी सगळी नोकरी पुढे आहे. कायम करायचं पत्र माझ्याच टेबलावर आहे. मी सांगतो, तू नीट भाषेत मांड. आम्हाला काही तसं जमत नाही."

त्यांनी सांगितलेली वाक्ये वेडीवाकडी होती. मी ती दुरुस्त केली. "स्थायी सूचनांकडे दुर्लक्ष करून", "खातरजमा न करता" आणि "सर्वस्वी स्वतःच्या जबाबदारीवर" हे शब्द माझे आहेत. अशा कोणत्याही स्थायी सूचना केंद्रात नाहीत. लिहिताना मी रडत होते किंवा कापत होते असे नाही. मजकूर चांगला व्हावा असे मला वाटत होते. एक वाक्य लांबले म्हणून मी ते पान पुन्हा लिहिले. वाचून वाहनप्रमुख म्हणाले, "वा. तुझ्या बापानं शिकवलं त्याचं चीज झालं."

ते वाक्य मी काल रात्रीपर्यंत वडिलांना सांगितले नव्हते. सांगितल्यावर ते उठून बाहेर गेले आणि पुष्कळ वेळ हात धूत बसले.

दिनांक १६ रोजी खुलाशावर मामांची सही आणायला मलाच रुग्णालयात पाठवले. मामी उशाशी बसल्या होत्या. मामा म्हणाले, "मी रात्रभर तेच आठवतोय गं. एकोणीस वर्षं न्यूट्रलला ठेवतो. त्याच दिवशी कसा विसरलो? चढावर लावली होती असं वाटतं, पण होती तर खालीच. या औषधांनी डोकं चालत नाही. तू तिथं होतीस ना? मीच ठेवली का गियरमध्ये?"

मी म्हणाले, "यात लिहिलंय सगळं."

ते म्हणाले, "चष्मा फुटलाय. तूच वाच."

मी पूर्ण खुलासा वाचला. स्वल्पविरामांना थांबून, सावकाश वाचला. मामी ऐकत होत्या. म्हणाल्या, "शिकलेल्या माणसाचं लिहिणं वेगळंच असतं." मामा म्हणाले, "चूक माझी, पण किती सभ्य शब्दांत लिहिलंस पोरी. दुसऱ्या कोणी शिव्या दिल्या असत्या." त्यांनी सही केली. पाठीला उशी लावून, कागद मीच धरला होता.

तो खुलासा मी मागे घेते. मामांची त्यावरची सही मी फसवून घेतली आहे, तीही धरू नये. सुस्थितीतच्या सह्या आणि सकाळी गप्प राहणे याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. मामांना अजून खरे माहीत नाही. जबाब झाल्यावर येथून थेट रुग्णालयात जाऊन ते मी स्वतः सांगणार आहे. त्याआधी दुसऱ्या कोणी सांगू नये एवढी विनंती आहे.

वरील मजकूर हवालदारांनी माझ्या सांगण्याप्रमाणे टाइप केला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी भाषा सुधारू का असे विचारले. मी नको म्हणाले. सांगितले तसेच लिहिले आहे व ते खरे आहे, म्हणून सही करते.