गोठ्यातली शिलाईची खोली

बिद्रीच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"रक्षिता, गोठ्यात शिलाईची खोली केलीस म्हणं?"

"केली की, मल्लव्वाक्का. गव्हाण काढली, फरशी घातली, कूलरबी बसवला."

"मग ब्लाऊज टाकायला बायका येत्यात न्हवं?"

"येत्यात, पर त्यांना बसायला जागा कुठं हाय? कापडं बेतायच्या टेबलावर मामंजी झोपत्यात. सासूबाई शेंगा सोलत तिथंच बसत्यात. ह्यांनी तर टीव्हीबी तिकडंच नेला."

"म्हशी होत्या तवा कोण फिरकत न्हवतं की तिकडं."

"तवा कूलर न्हवता."

"मग तू शिवतीस कुठं?"

"घरात. मशीन पुढच्या सोप्यात आणून ठेवलीया. दिवसभर कोण हाक मारत न्हाय, लई काम हुतंय. फकस्त घर एवढं निवांत झालंय, हे आमच्या माणसांना सांगू नगा."