दात सरळ करून मिळणार नाहीत

नाही हो, दात सरळ करून मिळणार नाहीत. बाहेरच्या बोर्डावर लिहिलंय खरं, पण त्यावर मी कागद चिकटवलाय — सुटला असेल एका बाजूनं, तुमची चूक नाही. पूर्वी करायचो. दात, मुरूम, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं पुसून द्यायचो. सध्या काहीच होणार नाही, कारण माउस नाहीये. नवा आणा म्हणाल — ठाऊक आहे मला, समोरच्याच दुकानात टांगलेत, स्वस्तही आहेत. पण माझा बिघडलेला नाही. नेलाय. माझ्या मुलीनं नेलाय. बँकेत काउंटरवर असते ती. रोज सकाळी डबा, छत्री आणि माझा माउस पर्समध्ये घालून कामाला जाते. तुम्ही बसा. ओळखपत्रासाठीच हवाय ना? मग कॅमेऱ्यातलं कार्ड काढून थेट प्रिंटरला लावतो, तुम्ही जसे आहात तसे बाहेर येता. अजून कुणी तक्रार केलेली नाही. काही जण फोटो न्यायला परत आले नाहीत, ते सोडा.

सरळ बसा जरा. हनुवटी खाली — एवढी नको, वजनकाट्याकडे बघितल्यासारखं वाटतंय. हां. आणि आता बोलू नका, मी लाइट लावतोय. तुम्ही बोललात की सावली हलते. हा लाइट तुमच्यासाठी नाही खरं तर, वाईट वाटून घेऊ नका. बँक सुटली की मुलगी येणार आहे, तिच्यासाठी आधीच बसवून ठेवतोय. बसल्यावर तुम्ही साधारण तिच्याएवढेच भरता.

कशाला करून घ्यायचेत तुम्हाला दात? नको, सांगू नका, हनुवटी. पुढच्या दोघांत फट आहे, एवढंच ना? खरेच सरळ करायचे असतील तर त्या अलाइनरचा खर्च विचारून ठेवा. तारा नाहीत, पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे — घातलेत हे समोरच्याला कळतसुद्धा नाही. म्हणजे बघा, माणूस आयुष्यात एवढी मोठी रक्कम खर्च करतो आणि तिची खासियत काय, तर ती दिसत नाही. एक साचा एक-दोन आठवडे घालायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि दात मुंगीच्या पावलानं सरकत राहतो. जेवताना काढायचा, दात घासून परत घालायचा. सगळं संपलं की रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून आणखी एक साचा, तो झोपताना. किती दिवस, मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कायमच. त्याचे पैसे वेगळे. विमा कंपनीला फोन केला मी. तिथल्या बाईनं फार नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, दुखतंय का? म्हटलं, दात दुखत नाही. मग दिसण्याचे पैसे आम्ही देत नाही, म्हणाली.

मुलीच्या दातांचा खर्च क्लिनिकवाल्यांनी आधी फार कमी सांगितला होता, दुकानाचं तीन महिन्यांचं भाडं जाईल इतकाच. चूक त्यांची नाही. त्यांच्याकडे सोय आहे — दातांचा फोटो पाठवा, ते बघून अंदाज फुकट देतात. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हीच काढा, घरात फोटोग्राफर असताना मोबाइलवर कशाला? काढला. झकास काढला. कॉम्प्युटरवर घेतला आणि — आता कसं सांगू तुम्हाला — हात चालला. शपथेवर सांगतो, मनात काही नव्हतं. शिंप्याला लोंबता धागा दिसला की तो तोडतोच ना, तसं. डावीकडचा सुळा वर चढलाय, तो खाली आणला. शेजारचा त्याच्यामागे लपलाय, त्याला जरा पुढे घेतलं. सगळे एका ओळीत उभे केले आणि दिला पाठवून. कुणाला? दातांच्या डॉक्टरला. उत्तर आलं, किरकोळ केस आहे, मोजके साचे पुरतील. मी खूश. बायकोला म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतो. आगाऊ रक्कमही भरून टाकली.

मग प्रत्यक्ष तपासणी. ती खुर्चीत बसली, आ केला. डॉक्टरीणबाईंनी तोंडात बघितलं, स्क्रीनवर बघितलं, परत तोंडात बघितलं आणि विचारलं, हा फोटो कुणाचा? त्यांची मदतनीस बिचारी गडबडली, म्हणाली, दुसऱ्या पेशंटचा लागला असेल, सॉरी हं काका. आणि मी गप्प बसलो. फुकटची माफी मिळत होती, घेतली. पण लेकीनं मान वळवून स्क्रीनकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘कानातले तर माझेच आहेत.’ — हलू नका. — नवा अंदाज छापून दिला, त्यात वर्षभराचं भाडं गेलं असतं. मी त्या कागदाकडेच बघत होतो. आकडा मोठा असला की माणसाला नजर ठेवायला जागा मिळते. जिन्यात आल्यावर ती म्हणाली, ‘बाबा, मला वाटायचं तुमचा लाइट चांगला असतो.’ एवढंच म्हणाली.

तुम्ही म्हणाल, काय बाप आहे. नाही म्हणणार? चेहरा म्हणतोय. शाळेत असताना तिच्या वर्गाचा फोटो मीच काढला होता. घरी आणला तर तिनं तो टेबलावर पालथा घालून ठेवला. रडली वगैरे नाही, नुसता पालथा घातला. मी ती प्रत फाडून टाकली, तेवढा तिचा दात नीट करून दुसरी काढली, ती तिनं भिंतीला लावली. आता सांगा, काय करायला हवं होतं मी? त्यानंतर वाढदिवस, सहली, पदवी — एक फोटो सोडला नाही. थोडंथोडंच करायचो, कळू नये इतकं, त्यात माझा हातखंडा आहे. तिला वाटायचं, तोंडावर हात धरून बोलायची आपली उगाच खोड आहे, फोटोत तर आपण बऱ्या दिसतो. घरी येऊन तिनं मूळ फोटो मागितले. मूळ कुठले? त्यांच्यावरच सेव्ह करायचो मी, जागा वाचते. म्हणजे हे असं आहे — धंदा माझा फोटोचा, मुलगी माझी, आणि ती हसताना खरी कशी दिसते याचा घरात एक फोटो नाही. क्लिनिकमध्ये आहे. फाइलमध्ये, दोन्ही बाजूंनी ओठ ताणलेला.

मग ती आमच्या लग्नानंतरच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या आईचाही सुळा तसाच, डावीकडचाच, वर चढलेला — तिथूनच आलाय तो. बायको म्हणतेच, दात माझ्याकडून गेलेत, पैसे तुमच्याकडून जाऊ देत. तो फोटो मी टायमर लावून काढलेला, आणि त्यात बायको अशी हसतेय की बत्तिशी दिसतेय. मुलीनं विचारलं, ‘आईचा का नाही सुधारलात?’ मी म्हणालो, तेव्हा फिल्म होती. आता, फिल्मवरही करता यायचं, पेन्सिलनं, बारीक ब्रशनं — आमच्या मास्तरांनी मला आधी तेच शिकवलं. मी हात लावला नाही, कारण तो दात मला आवडायचा. त्या दातापायी लग्नाआधी मी तिच्या माहेरी पुन्हापुन्हा प्रिंट द्यायला जायचो, एका खेपेत झालं असतं ते काम. एवढं साधं वाक्य होतं, तोंड उघडून सांगायला काय झालं होतं मला? आणि सांगितलं काय, तर फिल्म होती.

पैशांचं म्हणाल तर ते जमले. हप्ते करून देतात, बिनव्याजी — फक्त कागदपत्रांचे म्हणून काही घेतात, ते व्याजाएवढेच असतात. एकरकमी भरले तर सूट. म्हणून मास्तरांचा मोठा कॅमेरा विकायला काढला. एका हौशी माणसानं घेतला. रोल कसा घालतात तेही विचारलं नाही, हॉलमध्ये दिव्याशेजारी ठेवणार म्हणाला. पैसे मुलीपुढे ठेवले. ती म्हणाली, ‘नकोत. माझे दात तुम्ही इतकी वर्षं फुकटात सरळ करतच होतात की.’ हप्ते माझ्या पगारातून भरीन, म्हणाली. तिचा पगार म्हणजे — असो. शेवटी बायको मध्ये पडली आणि तह झाला. पैसे घेईल, पण पहिला साचा चढवायच्या आधी मी तिचा एक फोटो काढायचा, हसताना, आहे तसा, आणि तो बाहेर शोकेसमध्ये लावायचा. तोवर माउस तिच्याकडे. साच्यांचं खोकं येऊन पडलंय घरात, फोडलेलं नाही. आणि मी रोज काहीतरी निमित्त काढतोय — कधी बल्ब गेला, कधी पडदा धुवायला टाकला. का म्हणजे? भीती वाटते हो. हसलीच नाही तर? लोकांना हसवून पोट भरलं मी आजवर, आणि त्या जिन्यापासून माझी मुलगी माझ्याशी ओठ मिटून बोलते.

तुम्ही हसा. चालतं ओळखपत्राला, मी सांगतो ना. दिसू दे फट, लोकांच्या लक्षात राहाल. — हां. झालं. वाईट नाही. पैसे? घेणार तर, रिटेनरचे कोण देणार आहे?

आली बघा. — ये गं. या साहेबांचं झालंच. उठा तुम्ही, खुर्ची द्या तिला. बस. लाइट लावूनच ठेवलाय. म्हणजे — विशेष काही नाही, साधाच आहे. हे काय, माउस कशाला काढून ठेवतेस टेबलावर? नको. अगं नको, राहू दे तुझ्याच पर्समध्ये. आणि ऐक, आईच्या फोटोचं मी तुला खोटं सांगितलं, फिल्म होती म्हणून ते — साहेब, अजून उभेच का तुम्ही? प्रिंट उद्या न्या. निघा. आणि दार हळू ओढा, हसतेय ती.